दुय्यम भूमिका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी बोला." मी हो म्हटले. मग नाव सांगितले, तेव्हा त्या जरा गप्पच झाल्या. कारण मी निवडलेली बाई कोणी राणी नव्हे, पुढारी नव्हे, संत तर नव्हेच नव्हे. अमेरिकेतली एक सिनेमानटी. बरे, नटी म्हणावी तर नायिकासुद्धा नव्हे. थेल्मा रिटर हे त्यांचे नाव. नायिकेचे कपडे आवरणारी मोलकरीण, नायकाचे अंग रगडून देणारी नर्स, स्वयंपाकघरातली आई, रस्त्यावर नेकटाय विकणारी म्हातारी, अशी कामे त्यांनी केली. अशा कामांना दुय्यम भूमिका म्हणतात. मी आज त्या दुय्यम भूमिकांबद्दलच बोलणार आहे.

आधी एक खुलासा करते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी चित्रपट मला एकटीला समजत नाही. माझ्या पुतणीने हे चित्रपट घरी लावले आणि मध्ये मध्ये थांबवून मला अर्थ सांगितला. नायक-नायिका बोलू लागले की, "थांब ग, काय म्हणाली ती?" असे मला दर दोन मिनिटांनी विचारावे लागे. थेल्माबाई आल्या की मात्र निम्मे आधीच कळलेले असे. बुटकीशी मूर्ती, थकलेले डोळे, घोगरा आवाज. बोलणेही शाळेत घोटलेले नव्हे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या गल्लीबोळांतले. बाजारात भाजी घेताना शेजारी उभी असावी तशी बाई.

त्याच ब्रुकलिनमध्ये 14 फेब्रुवारी 1902 रोजी त्यांचा जन्म झाला. नाटकाचे वेड लहानपणापासूनचे. न्यूयॉर्कच्या नाट्यशिक्षण संस्थेत त्या रीतसर शिकल्या, मग नाटक कंपन्यांतून कामे केली, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही उभ्या राहिल्या. पण नाव झाले नाही. 1927 साली जोसेफ मोरान यांच्याशी लग्न झाले. तेही नटच. दोघांच्या नाटकावर घर चालणे कठीण. पुढे मोरानसाहेबांनी रंगभूमी सोडली आणि ते जाहिरातीच्या धंद्यात गेले, तिथे त्यांचा चांगला जम बसला. एक मुलगा आणि एक मुलगी झाली, आणि मुले वाढवण्यासाठी थेल्माबाईंनी काम बाजूला ठेवले. 1940 नंतरच्या काळात रेडिओवरच्या श्रुतिकांतून त्या पुन्हा हळूहळू कामाला लागल्या. रेडिओवर तोंड दिसत नाही, वय दिसत नाही. आवाज तेवढा लागतो, आणि तो तर त्यांच्याजवळ होताच.

आता त्यांचे सिनेमातले पहिले काम ऐका. चित्रपट 1947 सालचा, 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'. दिग्दर्शक जॉर्ज सीटन. न्यूयॉर्कमध्ये मेसीज नावाचे अवाढव्य दुकान आहे. नाताळचे दिवस आहेत, दुकानात सांताक्लॉज बसवला आहे, आणि मुले रांगेने येऊन त्याच्या मांडीवर बसून आपल्याला कोणते खेळणे हवे ते सांगताहेत. एक मुलगा पाणी उडवणारा आगीचा बंब मागतो. मागे उभी असलेली त्याची आई सांताक्लॉजला खुणावते आहे, की नको, हो म्हणू नका. तो मात्र हो म्हणून मोकळा. मुलगा खुशीत बाजूला होतो आणि आई त्या म्हाताऱ्यावर उखडते. गावभर हिंडून बंब मिळाला नाही, आणि हा खुशाल वचन देतो! मग तो तिला सांगतो, की अमुक रस्त्यावरच्या अमुक दुकानात जा, तिथे आहे. मेसीजच्या गादीवर बसलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता देतो आहे!

या क्षणी थेल्माबाईंचा चेहरा पाहण्यासारखा आहे. आधी राग, मग संशय, मग कोडे, आणि शेवटी एक कबुली, की जगात असेही घडते तर. नंतर ती दुकानातल्या साहेबाला गाठून सांगते, की आजपासून मी तुमचे कायमचे गिऱ्हाईक. सगळे मिळून दोनतीन मिनिटांचे काम. नामावळीत नावसुद्धा नाही. पण चित्रपट कंपनीचे सर्वेसर्वा डॅरिल झॅनक यांनी तो तुकडा पाहिला आणि ही बाई कोण, हिचे काम वाढवा, असे फर्मावले, असे सांगतात. त्या वेळी थेल्माबाई 45 वर्षांच्या होत्या.

पंचेचाळीस. मैत्रिणींनो, हा आकडा ऐकून तुमच्यापैकी काहींनी मान वर केली ती मला इथून दिसली.

यावर दोन तऱ्हेने बोलता येते, आणि दोन्ही तऱ्हा मी आमच्या घरात ऐकल्या. एक पक्ष म्हणतो, बाईची उमेदीची वर्षे मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत गेली, केवढे नुकसान! दुसरा पक्ष म्हणतो, छे, संसार केला म्हणूनच ती एवढी मोठी नटी झाली. मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. दुकानात पाय दुखेपर्यंत हिंडलेल्या आईचा तो चेहरा नाट्यशाळेत शिकवत नाहीत, हे खरे. पण चेहरा आपल्या सगळ्यांकडेच आहे, आपण कोणी नट्या झालो नाही. थेल्माबाईंनी विद्या आधी घेतली होती. नवऱ्याच्या धंद्यामुळे घरात दोन पैसे येत होते. रेडिओचे दार किलकिले होते. आणि ओळखीचा धागा तुटलेला नव्हता. संसारातून परत येणाऱ्या बाईला एवढे सगळे लागते. नुसती जिद्द पुरत नाही, उगाच कोणी तसे सांगू नये.

पुढचे चित्रपट भराभर आले. 1949 सालच्या 'अ लेटर टू थ्री वाइव्ह्ज'मध्ये त्या सेडी नावाची मोलकरीण झाल्या. तिथेही नामावळीत नाव नाही. त्यातले एक घर आगगाडीच्या रुळांना अगदी खेटून आहे. गाडी जाऊ लागली की सारे घर थडथडते, आणि घरातल्या बायका तेवढा वेळ नुसत्या गप्प बसतात आणि गाडी गेली की बोलणे पुढे चालू करतात. पाहताना मला फार हसू आले.

त्या चित्रपटाचे दिग्दर्शक जोसेफ मॅन्किविझ. त्यांनी 1950 साली 'ऑल अबाउट ईव्ह' काढला आणि त्यात थेल्माबाईंना बर्डी दिली. मार्गो चॅनिंग नावाची एक नामवंत नटी आहे, वय चाळिशीचे. हे काम बेटी डेव्हिस यांनी केले आहे. तिच्याकडे ईव्ह नावाची एक गरीब, नम्र, गोड मुलगी येते आणि आपली करुण कहाणी सांगते. ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावतात. मार्गो तिला घरात ठेवून घेते. ती मुलगी मार्गोची पत्रे लिहिते, कपडे आवरते, वेळा सांभाळते, आणि शेवटी मार्गोची जागाच बळकावते. हे पहिल्यांदा ओळखते कोण? लेखक नाही, दिग्दर्शक नाही, मैत्रीण नाही. कपडे सांभाळणारी बर्डी. ती मार्गोला सांगते, की ही पोर तुमची सेवा करीत नाही, तुमचा अभ्यास करते आहे. चालणे, बोलणे, खाणे, सगळे उतरवून घेते आहे. मार्गो रागावते. आणि बर्डीचे बरोबर निघते.

घरात कोण आले, कशासाठी आले, हे ज्या बाईचे हात सतत कामात असतात तिला आधी कळते. बैठकीत बसलेल्यांना ते उशिरा कळते. थेल्माबाईंच्या बहुतेक भूमिकांत ही गोष्ट आहे, आणि मला त्यांच्यावर बोलावेसे वाटले ते याचसाठी. मागे उभी असलेली बाई सगळे पाहत असते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. त्या चित्रपटाबद्दल माझी एक तक्रारही आहे. एवढी नामी बर्डी, पण अर्ध्यानंतर ती गोष्टीतून नाहीशीच होते. तिचे खरे ठरले, हे तिला कोणी येऊन सांगत नाही. माझ्या पुतणीला यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र शेवटपर्यंत चुकल्या-चुकल्यासारखे झाले.

आता मी ज्यावर थोडे जास्त बोलणार आहे तो चित्रपट, 1951 सालचा 'द मेटिंग सीझन'. दिग्दर्शक मिचेल लायसन. सासवा आणि सुना दोघींनी ऐकावे.

एलन नावाची विधवा बाई हॅम्बर्गरचे दुकान चालवते. म्हणजे आपल्याकडे वडापावची गाडी असावी तसे. बँकेचे कर्ज थकते आणि दुकान जाते. ती मुलाच्या गावी येते. मुलगा कारखान्यात चांगल्या जागेवर आहे आणि त्याचे नुकतेच एका परराष्ट्र वकिलाच्या मुलीशी लग्न झालेले आहे. एलन सुनेला भेटायला दारात उभी राहते. सुनेकडे त्या दिवशी मेजवानी आहे, स्वयंपाक येत नाही, जीव टांगणीला लागला आहे, आणि दारात साध्या कपड्यातली बाई पाहून तिला वाटते, आपण मागवलेली स्वयंपाकीण आली! ती एलनला सरळ आत ओढते. एलन एक क्षण थांबते. मग गप्पपणे अंगात एप्रन अडकवते आणि कामाला लागते.

तो एक क्षण मी पुतणीला तीनदा लावायला सांगितला. तिथे एलन सहज म्हणू शकली असती, "अग, मी तुझी सासू." का म्हणत नाही? पाहुण्यांपुढे सुनेची फजिती होईल म्हणून? की स्वयंपाकीण म्हणून या घरात आपल्याला जेवढी जागा आहे तेवढी आई म्हणून नसेल, हे तिने ओळखले म्हणून? थेल्माबाई दोन्ही चेहऱ्यावर आणतात आणि लगेच पुसून टाकतात. पुढे ती सुनेच्या घरी नोकरच होऊन राहते. मुलाला माहीत, सुनेला नाही. सुनेची आई राहायला येते, मोठी नखरेल बाई, आणि आपल्या विहिणीवर हुकूम सोडू लागते. विनोदी चित्रपट आहे, हसून हसून पुरेवाट होते. पण हसताना घशाशी काहीतरी येते. सत्य बाहेर पडते तेव्हा सून सासूवर रागावत नाही. ती नवऱ्यावर रागावते, की तुला स्वतःच्या आईची लाज वाटली. सुनेचे काम जीन टिअर्नी यांनी केले आहे आणि छान केले आहे.

शेवटी मुलाच्या वरिष्ठांच्या घरातला एक श्रीमंत गृहस्थ एलनच्या प्रेमात पडतो आणि सगळे गोड होते. हा शेवट मला जरा चिकटवलेला वाटला. तिला तिचे दुकान परत मिळाले असते तर मला जास्त आवडले असते. दुसरी गंमत अशी, की सारा चित्रपट थेल्माबाईंच्या खांद्यावर उभा आहे, आणि नामावळीत त्यांचे नाव तिघांच्या नंतर. ऑस्कर पारितोषिकासाठी नाव सुचवले गेले तेही दुय्यम भूमिकेसाठीच.

ऑस्करचा विषय निघालाच आहे तर तो संपवते. अमेरिकेत सिनेमासाठी हे सर्वांत मानाचे पारितोषिक. दर वर्षी दुय्यम भूमिका करणाऱ्या पाच नट्यांची नावे निवडतात आणि त्यातून एकीला पुतळा देतात. 'ऑल अबाउट ईव्ह', 'द मेटिंग सीझन', मग 1952 सालचा 'विथ अ साँग इन माय हार्ट' आणि 1953 सालचा 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट', असे सलग चार वर्षे थेल्माबाईंचे नाव निघाले. पुढे 1959 सालच्या 'पिलो टॉक'साठी आणि 1962 सालच्या 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ'साठी पुन्हा. एकूण सहा वेळा. पुतळा एकदाही मिळाला नाही. या विभागात त्यांच्याहून जास्त वेळा कोणाचे नाव आलेले नाही. आणि 1955 सालच्या समारंभाचे सूत्रसंचालन कोणी केले? तेव्हा समारंभ दोन शहरांत एकाच वेळी होत असे. हॉलिवूडची बाजू बॉब होप यांनी सांभाळली आणि न्यूयॉर्कची थेल्माबाईंनी. म्हणजे स्वतःला पान वाढलेले नाही, पण पंगत नीट उठवून दिली.

सहातले कोणते काम सर्वांत मोठे, असे मला विचाराल तर मी 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' म्हणेन. दिग्दर्शक सॅम्युएल फुलर. त्यात थेल्माबाई मो झाल्या आहेत. मो रस्त्यावर नेकटाय विकते आणि पोलिसांना पैसे घेऊन खिसेकापूंची बातमी देते. धंदा काही चांगला नव्हे, आणि चित्रपट तो चांगला आहे असे म्हणतही नाही. पण पैसे ती कशासाठी जमवते? स्वतःच्या अंत्यविधीसाठी. न्यूयॉर्कमध्ये बेवारशांना एका सामाईक जागेत पुरतात. तिथे आपण जाऊ नये, आपली स्वतःची जागा असावी, वर दगड असावा, एवढीच तिची हाव. आपल्याकडच्या म्हाताऱ्या नाही का, शेवटच्या लुगड्याचे पैसे गाठीला बांधून ठेवतात, मुलांना सांगतसुद्धा नाहीत. ती गाठ मला आठवली.

एका रात्री एक मारेकरी तिच्या खोलीवर येतो. त्याला एका खिसेकापूचा पत्ता हवा आहे. पत्ता तिने पोलिसांना विकलेला आहे, याला ती विकत नाही. ती पलंगावर पडून आहे, तबकडी वाजते आहे. ती त्याला सांगते, की मी फार दमले आहे. भीक मागत नाही, शौर्याचे भाषण करीत नाही. दिवसभर उभी राहिलेली बाई जशी बोलते तशी बोलते. गोळीचा आवाज होतो तेव्हा ती आपल्याला दिसतही नाही. पुढे बेवारशांच्या शवपेट्या नेणाऱ्या बोटीवर तो खिसेकापू जातो आणि मोची पेटी मागून घेतो. तिला तिची जागा मिळते. मी चष्मा पुसत होते आणि पुतणी म्हणत होती, "काकू, थांबवू का?"

1954 सालचा हिचकॉक यांचा 'रिअर विंडो' पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातली स्टेला नर्स त्याच. पाय मोडून बसलेल्या नायकाला समोरच्या घरात खून झाला असावा असा संशय आहे. स्टेला त्याला न्याहरी देते आणि तो खात असतानाच प्रेताचे तुकडे कसे केले असतील यावर खुशाल बोलत राहते. त्याचा घास घशात अडकतो! या कामासाठी त्यांचे नाव सुचवले गेले नव्हते, पण आज लोक त्यांना ओळखतात ते बहुधा या स्टेलामुळेच.

1955 साली दूरचित्रवाणीवर 'द केटर्ड अफेअर' नावाचे नाटक झाले. मुलीचे लग्न थाटात करायचे म्हणून हट्टाला पेटलेल्या गरीब घरातल्या आईचे काम थेल्माबाईंनी केले. दुसऱ्या वर्षी त्याचा चित्रपट निघाला आणि आईचे काम दिले बेटी डेव्हिस यांना. जिची मोलकरीण झाल्या, तिनेच पुढे यांची भूमिका केली. धंद्यात असे चालतेच. रंगभूमीने मात्र थेल्माबाईंचा मान राखला. 'न्यू गर्ल इन टाउन' या संगीत नाटकातल्या कामासाठी 1958 साली त्यांना टोनी पारितोषिक मिळाले, आणि तेही दुय्यम भूमिकेचे नव्हे, मुख्य भूमिकेचे. त्या वर्षी ते दोघींत विभागून दिले. दुसरी त्याच नाटकाची नायिका, ग्वेन व्हर्डन.

बाकीचे थोडक्यात सांगते. 'पिलो टॉक'मधली मोलकरीण ॲल्मा रोज सकाळी दारूच्या अंमलात येते आणि पैज लावावी तशी नायकालाच पिऊन गारद करते. मला ते काम इतरांइतके नाही आवडले, पण हशा पुष्कळ आहे. 1961 सालच्या 'द मिसफिट्स'मध्ये त्या मर्लिन मन्रोबरोबर आहेत. 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ'मधली आई मात्र विसरता येत नाही. मुलाची फाशी टळावी म्हणून ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीपर्यंत जाते आणि फाशी टाळते. पुढे तुरुंगातच मुलाचे लग्न होते, तेव्हा हीच आई त्याच्यावर उलटते. मुलगा जगावा असे तिला मनापासून वाटते, पण त्याने आपल्याशिवाय कोणाचे व्हावे हे सोसत नाही. इतकी वर्षे प्रेमळ बायका केलेल्या थेल्माबाईंनी हे कठोर काम साठीला पोचताना केले, आणि एका शब्दानेही ते गोड केले नाही. ज्या सासवांना एलन फार आवडेल त्यांनी ही आईही पाहावी, म्हणजे हिशेब पुरा होईल.

1968 साली त्यांचा शेवटचा चित्रपट आला, 'व्हॉट्स सो बॅड अबाउट फीलिंग गुड?'. काम लहानसेच. दिग्दर्शक पुन्हा जॉर्ज सीटन, ज्यांनी त्यांना मेसीजच्या रांगेत उभे केले होते. 5 फेब्रुवारी 1969 रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. 67 वा वाढदिवस 9 दिवसांवर होता. मुलगी मोनिका मोरान, जिच्यासाठी त्यांनी काम बाजूला ठेवले होते, तीही पुढे नटीच झाली.

चिटणीसबाईंनी घंटी वाजवली आहे. 'द मेटिंग सीझन' माझ्या पुतणीकडे आहे. पुढच्या महिन्यात एखाद्या दुपारी मंडळात लावू म्हणते. अर्थ सांगायला ती येईल, चहाचे मी पाहते.